जुना टू-इन-वन नेमका कुठे बिघडतो? थोडी पार्श्वभूमी

बंद पडलेला जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट टेप एकत्र असलेला स्टिरिओ, उघडला, की सर्वात आधी रबर तपासावं. लोखंड, पितळ, तांबं चाळीस वर्षांनंतरही बहुधा धडधाकट सापडतं. दगा देतं ते रबर. यामागचं कारण या यंत्राच्या जन्मापासूनचं आहे.

फिलिप्सनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स यांच्या चमूनं ती घडवली. यंत्र खिशात मावावं म्हणून ओटेन्स लाकडाचा ठोकळा कोटाच्या खिशात घालून पाहत असत. आकार लहान ठेवायचा तर टेप अरुंद आणि वेग कमी ठेवणं भाग होतं: रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मोकळ्या चाकांवर गुंडाळलेल्या घरगुती स्पूल टेप त्याच्या दुप्पट-चौपट वेगानं धावत. संथ वेगात जरासा फरक पडला तरी गाण्याचा सूर हलतो, आणि तो वेग सांभाळण्याची जबाबदारी आली मोटरच्या बेल्टवर आणि टेप दाबून धरणाऱ्या पिंच रोलरवर. दोन्ही रबरी!

फिलिप्सनं परवाना शुल्क न घेता हे तंत्र इतर कंपन्यांना खुलं केलं. त्यामुळे जगभर एकच माप रुजलं आणि साठच्या दशकातली कॅसेट आजच्या यंत्रातही चालते. स्टिरिओ आला तेव्हाही जुन्यांची सोय पाहिली गेली. डावा आणि उजवा ट्रॅक शेजारी-शेजारी ठेवला, म्हणून जुन्या मोनो यंत्राचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, दोन्ही एकदम वाचतं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

रेडिओ आणि टेप एकाच डब्यात १९६६ च्या सुमारास आले. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्याला दोन स्पीकर आणि हँडल लावलं. अमेरिकेत जेव्हीसीचा आरसी-एम९०, शार्पचा जीएफ-७७७ असे अवाढव्य स्टिरिओ रस्त्यावर वाजू लागले. आपल्याकडे रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांत टू-इन-वन आला तो आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्या माणसासोबत.

कोकणातल्या दमट हवेत या यंत्रांचे हाल लवकर होतात. पॉलियुरेथेनचे बेल्ट ओलाव्यानं विघटित होऊन डांबरासारखे चिकट होतात. नवा बेल्ट घालण्याआधी पुलीवरचा तो लगदा स्पिरिटनं पूर्ण पुसावा लागतो, नाहीतर आवाज लहरत राहतो. पिंच रोलर कडक आणि चकचकीत झाला की टेपवरची पकड सुटते. टेप गुंडाळणाऱ्या चाकाचा जोर कमी पडला, तर टेप बाहेर येऊन यंत्रात गुरफटते. सी-१२० (१२० मिनिटांच्या) कॅसेटची टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाड, सी-६० ची सुमारे दुप्पट. म्हणून आधी अडकते ती सी-१२०.

एका बाजूचा आवाज गेला तर लगेच आयसी (आतली चिप) बदलायला धावू नये. रेकॉर्ड आणि प्लेसाठी एकच लांब सरकता स्विच असतो आणि त्याचे चांदीचा मुलामा दिलेले संपर्क काळे पडतात. क्लीनर सोडून तो अनेकदा पुढे-मागे केला, की बऱ्याचदा हरवलेली बाजू परत येते.

आवाज दबका येत असेल तर आधी हेड पुसावं. हेडशेजारचा स्क्रू फिरवायचा मोह मात्र आवरावा. त्या स्क्रूनं हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, ठरतो. दुसऱ्या यंत्रावर भरलेली एखादी कॅसेट त्यानं स्पष्ट ऐकू येईलही, पण कारखान्यातलं मूळ बसवणं बिघडतं. वेग चुकला असेल, तर अनेक मोटरच्या मागच्या छिद्रात वेग जुळवणारा बारीक स्क्रू, म्हणजे प्रीसेट, असतो. माहीत असलेल्या सुराची टेप लावून तो हलक्या हातानं फिरवावा.

आज बाजारात मिळणारे बहुतेक नवे कॅसेट प्लेअर तनाशिन या जपानी कंपनीच्या एकाच साध्या रचनेच्या नकला आहेत आणि त्यांत डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, नसते. त्यामुळे चांगला आवाज हवा असेल, तर जुनं यंत्र शोधून त्याचे बेल्ट बदलणं हाच खात्रीचा मार्ग आहे.