तीन भाषांची पाटी

बेळगावच्या मुलांना पाटीचं राजकारण शिकवावं लागत नाही. वर कन्नड की मराठी, कुठलं अक्षर मोठं, कोणी काळं फासलं, हे सगळं येता-जाता त्यांच्या कानावर पडतंच. म्हणून संडे स्कूलमध्ये ‘अस्सल साधन’, म्हणजे इतिहासाचा मूळ पुरावा, हा विषय काढायचा तर येशूला क्रुसावर देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या पाटीपासून काढावा, असं माझं मत आहे. क्रुसावरची ती पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती, असं योहान सांगतो. मुख्य याजकांनी मजकूर बदला म्हणून तक्रार केली आणि सुभेदाराने ती धुडकावली. गंमत पुढे आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत हा मजकूर हुबेहूब एक नाही. मार्ककडे नुसतं ‘यहूद्यांचा राजा’, तर योहानकडे येशूचं नाव आणि नासरेथ गावही. आठ वर्षांचं पोर लगेच विचारतं, मग खरं कोणतं? इथे घाईघाईने उत्तर देऊन मोकळं होऊ नये. पाटी आपल्यासमोर नाही. आपल्यासमोर आहेत तिच्याबद्दल सांगणारे चौघे.

साक्षीची ही चौकशी ख्रिस्ती परंपरेला उसनी आणावी लागत नाही. दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, हे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. आपण प्रत्यक्षदर्शींकडून आलेलं सगळं नीट तपासून लिहीत आहोत, असं लूक पहिल्या चार ओळींतच सांगून टाकतो. मुलांसाठी तर इस्राएली लोकांचा पुढारी यहोशवा याचा प्रसंग सर्वांत सोपा: यार्देन नदीतून उचललेले बारा धोंडे गिलगालात उभे केले, ते पुढे मुलं ‘हे कसले धोंडे?’ असं विचारतील म्हणूनच.

शाळेत हे यायला मात्र वेळ लागला. 1516 मध्ये डच विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला तो विद्वानांसाठी. मोरावियन बिशप कोमेनियसने 1658 मध्ये चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, कारण आधी वस्तू डोळ्यांपुढे यावी आणि शब्द तिच्याबरोबर, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकेत मेरी शेल्डन बार्न्स या शिक्षिकेने 1885 मध्ये मूळ उताऱ्यांवर बेतलेलं इतिहासाचं पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा. बखरीपेक्षा अस्सल कागद मोलाचा, हे मराठी वाचकाला तिथून ठाऊक झालं; लहान मुलांपर्यंत ते फारसं पोचलं नाही.

बेळगावात सामग्रीची वाण नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे 1820 मध्ये सुरू झालं. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी 1831 मध्ये इथेच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि 1854 मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र म्हणजे घरचं साधन. पण लहानपणच्या त्या आठवणी त्यांनी छापल्या पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा मुलांना एक काम द्यावं: गेल्या वर्षीच्या नाताळात घरी काय काय झालं ते लिहा, मग आजीला विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पदमनजी कसे वाचायचे, याची निम्मी शिकवणी तिथेच होते.

मिशनऱ्यांच्या पत्रांबाबत मात्र आपल्याच मंडळींना जरा जड जातं. ती पत्रं मायदेशी जात, त्यांतला मजकूर छापला जाई, आणि वाचणाऱ्यांतच वर्गणी देणारेही असत. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. पण कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं, हे तिन्ही प्रश्न त्यांनाही लागू. श्रद्धेचा कागद आहे म्हणून सूट देऊ नये. सीमाभागात तर मुळीच नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेबद्दल मराठी घरात एक ऐकायचं आणि शाळेच्या पुस्तकात दुसरं, याची या मुलांना सवय आहे.

उरल्या चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्म्याची नोंद पाळकाने ठेवावी, हा कॅथलिक नियम ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये पक्का केला. जुन्या कॅथलिक नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात. त्यात ‘जुझे’चा ‘जोसेफुस’ होतो. आपल्या खापरपणज्याचं नाव असं पालटलेलं पाहून पोरं खुदकन हसतात. वही मूळ मात्र त्यांच्या हाती देऊ नये, फोटो काढून द्यावा. पानं ठिसूळ असतात आणि पोरांच्या हाताला चिवडा लागलेला असतो.

मराठी बायबलचीही अशीच गत. मिशनरी विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला 1811 मध्ये छापलेला मराठी नवा करार मोडी लिपीत आहे. वर्गात त्याचं पान दाखवलं की मुलं विचारतात, हे कन्नड आहे का? मराठी आहे म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि वाचून दाखवा म्हटलं की शिक्षकाचीही पंचाईत होते.