आठ बाइट आणि एक परवानगी

पहिल्यांदा फोनवर सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल केला, तेव्हा तो मी डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या ॲपमध्ये क्लँग या कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणाऱ्या हत्याराला, हाक दिली आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत नवी फाइल तयार. ना तक्रार, ना इशारा. मग ती चालवायला गेलो, तर उत्तर आलं: ‘परमिशन डिनाइड’. फाइलला चालण्याची मुभा देऊन पाहिली, पण ती मुभा काही टिकेना. शेवटी तीच फाइल ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी केली, तिथे मुभा दिली आणि ती निमूट चालली. आतला एक बाइटसुद्धा बदलला नव्हता. बदलली होती फक्त जागा.

फोनवर प्रोग्रामिंगची भाषा चालवायची म्हटलं की पहिली शंका येते ती ताकदीची. एवढ्याशा यंत्राला हे झेपेल का? सहज झेपतं. ग्रेस हॉपर यांनी १९५२मध्ये ए-० हा आद्य कंपायलर युनिव्हॅक या खोलीभर पसरलेल्या संगणकासाठी लिहिला. १९८०मध्ये आलेला शार्पचा पीसी-१२११ हा तर खिशात मावायचा आणि बेसिक भाषेतले प्रोग्राम चालवायचा. आजचा साधा फोनही या दोघांच्या लाखो पटींनी पुढे आहे. ताकदीचा प्रश्न कधीच मिटला. खरा प्रश्न आहे तो हा, की आत्ता, या क्षणी लिहिलेले बाइट प्रोसेसरने आज्ञा म्हणून मानायचे की नाही, आणि ते ठरवायचं कोणी.

हे नीट कळायला कंपायलरच्या हातून काय बाहेर पडतं ते जवळून पाहायला हवं. सी भाषेत एक इवलंसं फंक्शन लिहा. त्याचं काम एकच, ४२ हा आकडा परत द्यायचा. ६४ बिटच्या फोनसाठी, ऑप्टिमायझेशन, म्हणजे अनावश्यक आज्ञा गाळण्याची सोय, चालू ठेवून ते कंपाइल केलं की उरतात आठ बाइट, म्हणजे ० ते २५५ यांमधले आठ आकडे: ६४, ५, १२८, ८२ आणि १९२, ३, ९५, २१४. पहिल्या चारांचा अर्थ ‘शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ४२ ठेव’. पुढच्या चारांचा अर्थ ‘जिथून बोलावलं तिथे परत जा’.

पण यात ४२ आहे कुठे? दुसऱ्या बाइटला २५६ने गुणा आणि पहिला त्यात मिळवा. ५ गुणिले २५६ अधिक ६४, म्हणजे १,३४४. आता त्याला ३२ने भागा. आले ४२. या आज्ञेतले सर्वांत खालचे पाच बिट (० किंवा १ मावणारी घरं) रजिस्टरच्या क्रमांकासाठी राखून ठेवलेले असतात आणि पाच बिटांत ३२ क्रमांक मावतात. म्हणून आपला आकडा पाच घरं वर सरकून बसतो, म्हणजेच ३२ पट होतो. हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. यंत्राची भाषा गूढ वाटते, पण ती कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येते.

हेच फंक्शन इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर कंपाइल केलं तर सहा बाइट मिळतात: १८४, ४२, ०, ०, ०, १९५. इथे ४२ उघड्यावर बसलेला दिसतो. पहिली आज्ञा पाच बाइटांची, दुसरी एकाच बाइटची. इंटेलच्या घराण्यात आज्ञेची लांबी एकपासून पंधरा बाइटांपर्यंत काहीही असू शकते. जवळजवळ सगळ्या फोनमध्ये असतो तो एआरएमचा प्रोसेसर, आणि त्याच्या ६४ बिटच्या रचनेत प्रत्येक आज्ञा चार बाइटांचीच. लॅपटॉपवर तयार झालेला प्रोग्राम उचलून फोनवर ठेवला तरी चालत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

एआरएमची पहिली चिप सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीत घडवली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती हातात आली आणि पहिल्याच दिवशी चालली. विजेचा प्रवाह मोजायला गेले तर मीटरचा काटा शून्यावर! बोर्डातल्या चुकीमुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती काम करत होती. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांनी हेच घराणं का निवडलं, ते वेगळं सांगायला नको.

प्रोसेसर जुळला तरी सगळं जुळलं असं नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे, पण लिनक्सच्या संगणकांवर सहसा असणारी सी भाषेची मूळ लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, तिथे नसते. तिच्या जागी अँड्रॉइडची स्वतःची, बायोनिक नावाची लायब्ररी असते. त्यामुळे एआरएमच्याच एखाद्या छोट्या लिनक्स बोर्डावरचा प्रोग्रामही बहुधा फोनवर जसाच्या तसा चालत नाही. फोनवरच कंपाइल करण्याचा मोठा फायदा हा, की प्रोग्राम जिथे जन्मतो तिथल्याच चालीरीती घेऊन जन्मतो.

आता परवानगीकडे येऊ. मेमरीत ६४, ५, १२८, ८२ हे चार बाइट पडलेले असले, तर ते फोटोतल्या रंगाचे आकडे आहेत की प्रोसेसरसाठी आज्ञा, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मेमरीच्या दृष्टीने सगळे सारखेच. संगणकाची सारी लवचीकता या सारखेपणातून आली आणि एक मोठा धोकाही त्यातूनच आला. १९८८च्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरचे हजारो संगणक बेजार केले. त्याची एक युक्ती अशी होती: ५१२ बाइटांची जागा असलेल्या ठिकाणी जास्त बाइट पाठवायचे, त्यातच आज्ञा दडवायच्या आणि प्रोसेसरला त्याच आज्ञांकडे वळवायचं. माहिती म्हणून आत आलेलं आज्ञा होऊन बसलं.

यावरचा उपाय म्हणजे मेमरीच्या प्रत्येक पानाला, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याला, एक नियम लावणे. एक तर त्यावर लिहिता येईल, नाही तर ते आज्ञा म्हणून चालवता येईल. दोन्ही एकाच वेळी नाही. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २००३मध्ये हा नियम जाणीवपूर्वक राबवायला घेतला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. फोनवर तो विशेष कडक आहे. माझी फाइल डाउनलोड्समध्ये अडली, ती अशाच सावधगिरीमुळे. सगळ्या ॲपना मिळून वापरता येते त्या जागेतली कोणतीही फाइल थेट प्रोग्राम म्हणून सुरू होऊ नये, अशी व्यवस्था तिथे केलेली असते.

पण कंपायलरचं कामच मुळी हे, की लिहायचं आणि लिहिलेलं चालवायचं. नियमाशी त्याचा जन्मजात झगडा आहे.

अँड्रॉइडचा इतिहास पाहिला तर हा झगडा किती तऱ्हांनी सोडवला गेला ते दिसतं. जावात लिहिलेली ॲप आधी बाइटकोडमध्ये उतरतात, म्हणजे कुठल्याच खऱ्या प्रोसेसरच्या नसलेल्या, मधल्या भाषेत. ती वाचायला सुरुवातीला डाल्विक हा दुभाषी होता. डॅन बोर्नस्टीन यांनी तो लिहिला आणि आइसलँडमधल्या एका गावाचं नाव त्याला दिलं. दुभाषी एकेक आज्ञा वाचतो आणि तिथल्या तिथे करून दाखवतो. तीच ओळ हजार वेळा आली तर हजार वेळा वाचतो. २०१०मध्ये, अँड्रॉइड २.२पासून, तो वारंवार येणाऱ्या भागांचं चालता चालता भाषांतर करून ठेवू लागला. यालाच जस्ट-इन-टाइम, म्हणजे जिट म्हणतात. २०१४च्या अँड्रॉइड ५.०मध्ये डाल्विक जाऊन एआरटी (अँड्रॉइड रनटाइम) आला आणि ॲप इन्स्टॉल होतानाच सगळं भाषांतर उरकू लागला. ॲप झपाट्याने उघडू लागली, पण इन्स्टॉल व्हायला वेळ लागायचा आणि साठवणही जास्त खर्च व्हायची. २०१६च्या अँड्रॉइड ७.०ने मधला मार्ग काढला: आधी दुभाषी, गरजेपुरता जिट, आणि फोन चार्जिंगला लावून निवांत पडला असेल तेव्हा सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या भागांचं पक्कं भाषांतर. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. पंखा नसलेल्या, बॅटरीवर जगणाऱ्या यंत्रात काम कधी करायचं यालाही काम किती करायचं याइतकंच महत्त्व असतं.

एआरएमवर जिट लिहिणाऱ्याला आणखी एक गाठ सोडवावी लागते. प्रोसेसरजवळ दोन छोटे साठे असतात, एक माहितीचा, एक आज्ञांचा. नव्या आज्ञा लिहिल्या जातात त्या माहितीच्या साठ्यात. आज्ञांच्या साठ्याला त्याचा पत्ता आपोआप लागेलच असं नाही. ‘इथे नवं लिहिलंय, जुनं विसर’ असं स्पष्ट सांगावं लागतं. ते राहिलं तर प्रोसेसर कालच्याच आज्ञा चालवत बसतो, तेही कधी कधीच, त्यामुळे चूक सापडता सापडत नाही. इंटेलच्या घराण्यात ही काळजी प्रोसेसर स्वतः घेतो.

अँड्रॉइड १०पासून नियम आणखी आवळला गेला. त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला, जिथे ते स्वतः लिहू शकतं अशा घरच्या फोल्डरमधली फाइलही थेट प्रोग्राम म्हणून सुरू करता येत नाही. टर्मक्स हे ॲप फोनवर क्लँग, पायथन आणि शेकडो हत्यारं आणून देतं. ते दीर्घकाळ जुन्या आवृत्तीच्या नियमांना बांधून राहिलं, ते याच कारणाने. अँड्रॉइड १२ने ॲपांनी सुरू केलेल्या उपप्रक्रियांवरही, म्हणजे ॲपने मागे चालू केलेल्या वेगळ्या प्रोग्रामांवरही, ३२ची मर्यादा घातली. मोठा प्रकल्प फोनवर कंपाइल करायला घेतला की ती आडवी येऊ शकते.

आयफोनवर दार याहून घट्ट बंद आहे. बाहेरच्या ॲपला सहसा जिटची परवानगीच नाही. चालणाऱ्या प्रत्येक पानावर सही, म्हणजे ते अधिकृत असल्याची डिजिटल खूण, लागते, आणि आत्ता लिहिलेल्या पानावर सही कुठून येणार? तरीही आयफोनवर पायथन चालतं, कारण दुभाषी ॲपचाच भाग असतो, त्याच्यावर सही झालेली असते. तुमचा प्रोग्राम त्याच्या लेखी फक्त वाचायचा मजकूर असतो. प्रोसेसर तुमची एकही आज्ञा थेट पाळत नाही. तो दुभाष्याच्या आज्ञा पाळतो. किंमत वेगात मोजावी लागते, पण शिकणाऱ्याला ती जाणवतही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पायथन ३.१३ने तर अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) या दोन्हींना पायथन जिथे चालतं त्या सिस्टिमांच्या अधिकृत यादीत जागा दिली.

जिटची परवानगी प्रत्येक फोनवर एकाला मात्र हमखास असते: सिस्टिमच्या स्वतःच्या ब्राउझरला. जावास्क्रिप्ट वेगाने चालवायची तर त्याला ती लागतेच. ॲपलचा लॉकडाउन मोड, म्हणजे जास्तीत जास्त सुरक्षेची सोय, चालू केला की तीही काढून घेतली जाते, यावरून ही सवलत किती जपून दिलेली आहे ते कळतं. या सवलतीतूनच २०१७पासून वेबअसेंब्लीची वाट खुली झाली. सी, सी प्लस प्लस, रस्ट, अगदी पायथनचा सगळा दुभाषीसुद्धा या मधल्या भाषेत उतरवून वेबपानातून फोनवर आणता येतो. आपलं ४२चं फंक्शन तिथे फक्त तीन बाइटांत मावतं: ६५, ४२, ११. ‘हा स्थिरांक घे’, ‘४२’, ‘संपलं’. फोनवर ते पोहोचलं की ब्राउझर त्यातला ४२ पुन्हा पाच घरं वर सरकवतो, एआरएमच्या आज्ञेत बसवतो, आणि मगच ते पान लिहिण्यासाठी बंद आणि चालवण्यासाठी खुलं होतं.