झेंडा १९७१चा, मतपत्रिकेचा धडा नंतरचा

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ ऑर्पिंग्टनला पहिली जागतिक रोमा परिषद भरली. रोमा म्हणजे युरोपभर विखुरलेला, मूळ भारतातून गेलेला समाज. निळ्या-हिरव्या झेंड्यावर तांबडे चक्र आले ते भारताशी असलेल्या नात्याची खूण म्हणून. रोमानी भाषेत आजही पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. परिषदेने झेंडा दिला, गीत दिले. निवडणूक कशी लढवायची, हा प्रश्न पूर्व युरोपात तेव्हा उभाच राहत नव्हता, कारण तिथे खरी निवडणूकच नव्हती.

तो उभा राहिला १९८९ मध्ये, तिथल्या साम्यवादी राजवटी कोसळू लागल्या तेव्हा. चेकोस्लोव्हाकियात त्या नोव्हेंबरात ‘रोमा नागरी पुढाकार’ स्थापन झाला आणि १९९०च्या निवडणुकीत साम्यवादी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या नागरी मंचाच्या आधाराने रोमा उमेदवार संसदेत पोचले. पुढच्याच वर्षी मंच फुटला. स्वबळावर लढायची वेळ आली तेव्हा संसदेत जागा मिळवण्यासाठीची किमान पाच टक्के मतांची अट रोमा पक्षाच्या आवाक्याबाहेर राहिली. वस्त्या विखुरलेल्या, मतदानाची सवय नवी, आणि मते मोठ्या पक्षांनी आधीच वाटून घेतलेली.

शेजारी देशांनी वेगळ्या वाटा काढल्या. रोमानियाच्या १९९१च्या राज्यघटनेने मतांचा असा उंबरठा न गाठणाऱ्या अल्पसंख्याक संघटनांना प्रत्येकी एक जागा दिली. सोय चांगली, पण एका जागेभोवती एकच संघटना बळावते आणि नव्या मुलांना शिरायला फट उरत नाही. हंगेरीने १९९३ मध्ये अल्पसंख्याकांच्या स्वशासन समित्या आणल्या. उमेदवार खरोखर त्या समाजाचा आहे का, हे कोणी तपासत नसे, त्यामुळे बाहेरचेही निवडून येत.

निवडणूक कशी लढवायची याच्या प्रशिक्षणाने खरा जोर धरला तो २००० नंतर. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या २००३च्या कृती आराखड्यात सार्वजनिक जीवनातील सहभागाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. पुढे युरोप परिषदेने काही देशांत ‘रोमा राजकीय शाळा’ चालवल्या.

अशा वर्गात भाषणकलेपेक्षा मतपत्रिकेला जास्त वेळ द्यावा लागतो, हे स्लोव्हाकियाकडे पाहिले की पटते. ग्रामपरिषदेला जितक्या जागा, जास्तीत जास्त तितक्याच उमेदवारांच्या क्रमांकाला गोल करायचा. सात जागा असताना आठ गोल झाले की मतपत्रिका बाद. संसदेला मात्र एक पक्ष निवडून त्यातल्या जास्तीत जास्त चार जणांना गोल करता येतो. पाचवा गोल झाला तर पक्षाचे मत टिकते, गोल वाया जातात. पक्षाच्या मतांपैकी तीन टक्के गोल मिळवणारा उमेदवार यादीत वर सरकतो. २०१० मध्ये एका पक्षाच्या यादीतले शेवटचे चौघे याच वाटेने खासदार झाले. ते रोमा नव्हते, पण तळाची जागा म्हणजे हार नव्हे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. २०१२ मध्ये रोमा असलेले पीटर पोलाक ओल्यानो पक्षाच्या यादीतून स्लोव्हाक संसदेत गेले.

गावपातळीवर घात वेगळाच होतो. सात जागांना एकाच वस्तीतून पंधरा इच्छुक उभे राहतात, मते फुटतात आणि बहुमताने रोमा असलेल्या गावातही परिषद दुसऱ्यांच्या हाती जाते. त्यावर उपाय म्हणजे अर्ज भरण्याआधी घराण्या-घराण्यांत बसून नावे ठरवणे. ही बैठक जमवणे हेच प्रशिक्षणातले सर्वांत अवघड काम. दुसरा रोग मतखरेदीचा. स्लोव्हाकियात संसदेच्या निवडणुकीत मतदाराला सगळ्या पक्षांच्या पत्रिका हाती मिळतात. विकत घेणारा उरलेल्या पत्रिका पुरावा म्हणून बाहेर आणायला सांगतो. विकणारा अनेकदा त्याचाच कर्जदार असतो, त्यामुळे ‘मत विकू नका’ एवढे सांगून भागत नाही.

प्रशिक्षणातही खोट शिरते. इंग्रजी येणारी तीच ती मुले एका शिबिरातून दुसऱ्यात फिरतात, ब्रुसेल्सपर्यंत पोचतात, गावच्या परिषदेत मात्र दिसत नाहीत.

आणि काही ठिकाणी तयारी कितीही पक्की असली तरी दार बंदच असते. बोस्नियात राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच खुले आहे. डेर्वो सेजदिच हे रोमा आणि याकोब फिंत्सी हे ज्यू. दोघांची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ रोजी मान्य केली. त्यानंतर दशक उलटून गेले तरी राज्यघटनेतले ते कलम तसेच राहिले.