डॉज व बर्न : मूळ चित्र अबाधित ठेवणाऱ्या पद्धती

डिजिटल छायाचित्राचा ठरावीक भाग उजळ (डॉज) वा गडद (बर्न) करताना मूळ पिक्सेलना हात न लावता तो बदल वेगळ्या लेयरमध्ये (चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरात) किंवा सूचनांच्या रूपात साठवण्याच्या पद्धती. दोन्ही संज्ञा डार्करूममधल्या. एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र कागदावर मोठे पाडणाऱ्या यंत्राखाली) तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवत ठेवून प्रकाश अडवला की तो भाग उजळ उमटे. भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जादा प्रकाश दिला की गडद.

फोटोशॉपमधील याच नावांची साधने थेट पिक्सेल बदलतात. त्या प्रणालीत लेयर ३.० आवृत्तीत (१९९४) आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या चित्राचा उजेड वा रंग बदलणारे, स्वतःचे चित्र नसलेले) ४.० मध्ये (१९९६) आले. त्यामुळे तेथे, खाली दिलेल्या पद्धतींपैकी, करड्या लेयरची पद्धत १९९४ च्या व कर्व्ह्‌जची १९९६ च्या मागे नेता येत नाही.

पहिल्या पद्धतीत ५०% करड्याने भरलेला लेयर ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट मोडमध्ये (लेयर खालच्या चित्रात मिसळण्याच्या रीतींमध्ये) ठेवून त्यावर कमी फ्लोच्या (एका फटकाऱ्यात थोडाच रंग सोडणाऱ्या) ब्रशने पांढरा वा काळा रंग चढवतात. चुकल्यास पुन्हा करडा. दोन्ही मोडमध्ये ५०% करडा परिणामशून्य असतो. प्रकाशमापनातील १८% परावर्तनाचा करडा तो हा नव्हे. एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत १८% करड्याचे मूल्य (० ते २५५ च्या मापावर) ११८ च्या आसपास येते, १२८ नव्हे. कोणता मोड घ्यावा याबद्दल मतभेद आहेत. ६४% मूल्याच्या पिक्सेलवर शुद्ध पांढरा लावल्यास ओव्हरलेमध्ये तो पूर्ण पांढरा होऊन तपशील जातो. सॉफ्ट लाइटमध्ये, फोटोशॉपच्या सूत्रानुसार, ८०% वर थांबतो. त्वचेच्या कामात सॉफ्ट लाइट अधिक सुरक्षित म्हणता येईल. मात्र सॉफ्ट लाइटचे सूत्र सर्व प्रणालींत एक नाही. गिम्प या मोफत चित्रसंपादन प्रणालीत तर २.८ आवृत्तीपर्यंत ओव्हरले या नावाखाली प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटचेच सूत्र चालत होते, २.१० मध्ये (२०१८) ते सुधारले, पण जुन्या फाइलींसाठी जुने मोडही ठेवले. गिम्पविषयीचे जुने धडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या पद्धतीत एक उजळ व एक गडद असे दोन कर्व्ह्‌ज लेयर (उजेडाचा आलेख वाकवून चित्र उजळ-गडद करणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर) करून त्यांचे मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारे पडदे; काळा भाग परिणाम झाकतो, पांढरा दाखवतो) काळे करतात आणि हव्या त्या जागी मास्कवर पांढरा ब्रश फिरवतात. परिणामाची तीव्रता मागाहून कर्व्ह वाकवूनही बदलता येते, म्हणून बारीक रिटचिंगला ही पद्धत सरस ठरते. उजळवताना-गडदवताना रंगांची संपृक्तता बदलते. लेयर ल्युमिनॉसिटी मोडमध्ये (फक्त उजेड बदलणाऱ्या मोडमध्ये) ठेवल्यास ती बरीच आवरता येते.

लाइटरूमसारख्या रॉ (कॅमेऱ्यातील प्रक्रिया न केलेल्या फाइलींवर काम करणाऱ्या) प्रणालींत लेयर लागत नाही. ब्रशचे फटकारे व एक्स्पोजरचे (उजेडाचे) आकडे कॅटलॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) किंवा सोबतच्या एक्सएमपी या नोंदींच्या फाइलमध्ये नोंदले जातात आणि चित्र निर्यात करताना लागू होतात.