पी०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा इशारा आणि त्याचे निदान

पेट्रोल मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला धूर शुद्ध करणारा डबा, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी काम करतो आहे, असे इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) वाटले की तो पी०४२० हा कोड नोंदवतो. सिलिंडरांच्या दोन रांगा असलेल्या व्ही-इंजिनातल्या दुसऱ्या बाजूच्या कन्व्हर्टरसाठी पी०४३० असतो. डॅशबोर्डवर चेक इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पण गाडी बहुधा नेहमीसारखीच चालते. इंदूरच्या गॅरेजांत स्कॅनर (कोड वाचणारे यंत्र) लावल्याबरोबर ‘कॅट गया’ म्हणून सांगून मोकळे होण्याची सवय आहे. ती ग्राहकाला महागात पडते. हा कोड कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन ऑक्सिजन सेन्सरांच्या तुलनेत आढळलेली विसंगती सांगतो. तिचे कारण शोधायचे काम मेकॅनिकचेच असते.

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. त्याच्या संपर्कात कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन पूर्ण जळते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून नायट्रोजन सुटा होतो. त्यासाठी तापमान साधारण २५०-३०० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ : १ च्या आसपास लागते. लेपातले सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन धरून ठेवते आणि कमी पडला की सोडते. निदानाची सगळी भिस्त या एका गुणावर आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्ट दरम्यान सतत वरखाली होतो. मागच्या सेन्सरचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. साठवणशक्ती संपली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो आणि ईसीयू कोड टाकतो.

भारतात १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलमधले शिसे लेपाला निकामी करते, म्हणून या गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल लागते; ते देशभर २००० साली आले.

तपासणीची सुरुवात इतर कोडांपासून करावी. पी०३०० ते पी०३०४ असे मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे, कोड सोबत असतील तर प्लग, कॉइल, इंजेक्टर आधी पाहावेत. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळते आणि वीट वितळू शकते. मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर त्याचीही तीच गत होते. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे तापमान, वेग आणि भार, लिहून घ्यावी.

मग गळती. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) गॅस्केटजवळची किंवा सेन्सरजवळच्या जोडातली बारीक फटसुद्धा बाहेरची हवा आत ओढते आणि सेन्सरला फसवते. इंजिन थंड असताना सुरू करून मदतनीसाने जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबले की फुसफुस ऐकू येते. जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसतो, साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात. दहा मिनिटांचे हे काम गॅरेजांत सर्वांत जास्त टाळले जाते.

गळती नसेल तर इंजिन पूर्ण गरम करून, २,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटे धरून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरांचे चालू आकडे) पाहावा. फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती, दहा टक्क्यांच्या आत असून मागच्या सेन्सरचा आलेख पुढच्यासारखाच उड्या मारत असेल, तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला आधार मिळतो. कन्व्हर्टरच्या पुढे वाइडबँड सेन्सर (वेगळ्या पद्धतीने हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) असलेल्या गाड्यांत पुढच्या व्होल्टेजची अशी तुलना चालत नाही; तिथे फक्त मागचा आलेख पाहावा. दिवा घालवण्यासाठी नुसता मागचा सेन्सर बदलणे सहसा फुकट जाते, कारण सुस्त झालेला सेन्सर सपाट रेष दाखवून खराबी लपवतो. सीएनजी किट असलेल्या गाडीचे ट्रिम दोन्ही इंधनांवर वेगवेगळे पाहावेत. पीयूसी पास होणे हाही पुरावा नव्हे. त्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

कन्व्हर्टर खरेच गेला असेल तर तो का गेला, हे कळल्याशिवाय नवा बसवू नये. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो, हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर त्यातले घटक बसतात. मौल्यवान धातू कमी असलेला स्वस्त कन्व्हर्टर लावला की कोड लवकर परत येतो. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) घालून ईसीयूला फसवणे किंवा आतली वीट फोडून पोकळ डबा परत लावणे हा उपाय नाही. तो धूर शेजाऱ्यांच्या पोरांच्या नाकात जातो. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरने हे खपवून घेऊ नये. जुना कन्व्हर्टर बदलला तर तो गॅरेजकडे परत मागावा, त्यातल्या धातूंना भंगारात चांगली किंमत येते.

कोड पुसला की रेडीनेस मॉनिटरही, म्हणजे ईसीयूने स्वतः केलेल्या चाचण्यांच्या नोंदीही, पुसले जातात, त्यामुळे दिवा विझला म्हणजे काम झाले असे नाही. लोकमान्यनगर ते राजवाडा अशा थांबत-थांबत फेऱ्यांत कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे कन्व्हर्टरची चाचणी, बऱ्याचदा पूर्ण होत नाही. महूमार्गे मानपूरकडे मोकळ्या रस्त्यावर गाडी गरम करून एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालवावी आणि परत येऊन स्कॅनर लावावा. मॉनिटर ‘पूर्ण’ दाखवत असेल आणि प्रलंबित (अजून पक्का न झालेला) कोड नसेल, तरच दुरुस्तीचे पैसे चुकते करावेत.