एक टक्का आणि उजवा पाय

नागपुरात खामल्यातल्या आमच्या गच्चीवरून सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. उन्हं कलली की शेजारचे काका चहाचा कप घेऊन कठड्याशी येतात. आयुष्यभर विमानं उडवली, आता वय 73. "हा उंच आला, लांब जाईन," असं चाकं टेकायच्या आधीच सांगतात आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

इतकं सगळं अजून कळतं, तर मग 65 व्या वर्षी घरी का बसवतात? मी एकदा विचारलं. काकांनी दुधाच्या हिशेबाची वही मागून घेतली आणि शेवटचं पान उघडलं.

"मी केव्हा मरीन, हे कोणीच सांगू शकत नाही. पण माझ्यासारखे हजार जण घेतले, तर वर्षात किती जातीन, हे सांगता येते. सरकार त्या हजाराकडे पाहते, माझ्याकडे नाही."

वहीत त्यांनी जे मांडलं, त्याला विमानवैद्यकात 'एक टक्क्याचा नियम' म्हणतात. वैमानिक आजारपणाने अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला शंभरात एकापेक्षा जास्त नको, असा हा ठोकताळा. वर्षाचे तास 8,760. सोयीसाठी 10,000 धरा. म्हणजे दर तासाला धोका दहा लाखांत एक. आता कॉकपिटमध्ये दोघं असतात. एकाला काही झालं, तर खरी पंचाईत टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी, म्हणजे उड्डाणाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. त्यातही शंभरापैकी नव्याण्णव वेळा दुसरा सांभाळून घेतो, असं धरायचं. दहा लाख गुणिले दहा गुणिले शंभर. काकांनी शून्यं मोजून दाखवली : शंभर कोटी तासांत एक अपघात. मृत्यूचा इतका शांत हिशेब मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो, तोही 'म्हशीचं दीड लिटर'च्या खाली.

शेजारची खुर्ची रिकामी केली की हजारपटीचं हे कवच जातं. म्हणूनच प्रवासी वाहतुकीत एकट्याने उडवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय मर्यादा 60 ची आहे. दोघं असतील तर 65 ची. ही 65 ची मर्यादाही 2006 पासूनची, त्याआधी तिथेही 60 च होती.

जाता जाता, अचानक निकामी होण्याची सगळ्यात नेहमीची तऱ्हा म्हणजे पोट बिघडणं. हृदयविकाराचा नंबर मागून लागतो. दोन्ही वैमानिकांनी एकच जेवण घेऊ नये, ही पद्धत त्यातूनच आली. नागपुरात रात्री सावजी रस्सा ओरपून सकाळी विमान न्यायचं असेल, तर एकानेच ओरपावा.

पण मर्यादा वयाशीच का बांधायची? याचं उत्तर 1825 सालचं आहे. बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला दिसलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीपटीने वाढत जातो. आजच्या माणसाचा तो साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो. काकांनी लिहिलं : 41 ला 1, 49 ला 2, 57 ला 4, 65 ला 8. मग थोडं थांबून 73 ला 16. त्या सोळाभोवती त्यांनी गोल केला आणि पेनाला टोपण लावलं.

डोळ्यांचंही तसंच. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीत पोचतो. काका लहान असताना मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल करून परतायची. 1949 साली सुरू झालेल्या त्या सेवेतल्या डाकोटांच्या आवाजाने ते अंथरुणात उठून बसत. उडायचं वेड तिथलं. आता रात्री गच्चीचा जिना उतरताना ते मोबाइलचा टॉर्च लावतात.

मात्र सगळंच एका वेगाने उतरत नाही. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 40 ते 69 वयाच्या 118 वैमानिकांचे तीन वर्षांतले सिम्युलेटरचे गुण तपासले. वयस्कांनी सुरुवात कमी गुणांवर केली, पण पुढची त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी होती; ज्यांची पात्रता मोठी, त्यांची तर आणखी कमी. नियंत्रण कक्षाने एका दमात दिशा, उंची आणि फ्रिक्वेन्सी सांगितली की तेवढं डोक्यात धरणं वयाबरोबर जड जातं. हातापायांनी शिकलेलं मात्र लहान मेंदू आणि त्याच्या जोडीदार भागांत खोल मुरतं आणि सहजी पुसत नाही.

हौसेने, स्वतःपुरतं उडायला वयाची अशी मर्यादा नाही. मेडिकल पास व्हा आणि उडा. जे. आर. डी. टाटांनी 1932 चं कराची-मुंबई उड्डाण 1982 मध्ये पुन्हा केलं, तेव्हा ते 78 वर्षांचे होते. मी हे म्हटल्यावर काका हसले. "मेडिकल मिळंन बी. मरणाचं काही नाही, पण त्यानं लँडिंगच्या वेळी येऊ नये. तेव्हा फार काम असते."

मेमधली ती संध्याकाळ, पारा अजून चाळिशीच्या वर. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला तिच्यात कमी सापडतं. जेमतेम हजार फुटांवरचं नागपूर 44 अंशांना विमानाच्या दृष्टीने पावणेपाच हजार फुटांवर जातं, चिखलदऱ्याच्याही वर. "मेमध्ये विमानही म्हातारं होते," काका म्हणाले, "धापा टाकत उठते."

तेवढ्यात एका इंजिनाचं छोटं विमान धावपट्टीवरून निघालं. अशा विमानाला टेकऑफला पूर्ण ताकद दिली की फिरत्या पंख्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं. ते सरळ ठेवायला उजव्या पायाने रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा, पेडल दाबावा लागतो. काका काही बोलत नव्हते. कप कठड्यावर होता. मी सहज खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या पायाची बोटं चपलेत हळूहळू रुतत होती; विमान झाडांच्या वर निघालं तशी सैल झाली.