भीमाकाठची निवांत सहल : गाडी ठरवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडं गाडी ठरवायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात वहीच्या पानावर लिहिलेली यादी असते. पंढरपूर, मंगळवेढा, मचनूर, बेगमपूर, कुडल संगम, जमलं तर अक्कलकोट, आणि शेवटी “जाता जाता गाणगापूर होतंय का बघा.” सकाळी सहाला निघायचं, रात्री आठला घरी. वर पुन्हा सांगतात, “घाई नको हं, निवांत फिरायचंय.” ही यादी आणि निवांतपणा एका दिवसात बसत नाहीत. काउंटरवर प्रत्येकाला तेच समजावण्यापेक्षा छापून दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

सोलापूरकरांना भीमा नवी सांगायला नको, आपल्या नळाला येतं ते पाणी तिचंच. पण पंढरीची वारी सोडली तर नदी बघायला म्हणून आपण सहसा जात नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, फोटो दाखवतात, तेव्हा आपल्याला कळतं की हे सगळं तास-दीड तासावर आहे.

पंढरपूर शेवटी ठेवा

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. दहातल्या आठ सहली इथंच बिघडतात.

“आधी देवाचं दर्शन, मग बाकीचं” ही भावना आम्हाला समजते, आमचीही तीच आहे. पण हिशोब बघा. मोबाईलच्या नकाशावर सोलापूर ते पंढरपूर दीड तास दाखवतो आणि ते खरंही आहे. मोहोळवरून साधारण बहात्तर-पंचाहत्तर किलोमीटर. नकाशात दर्शनाची रांग मात्र दिसत नाही. पदस्पर्शाच्या रांगेला किती वेळ लागेल हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. साध्या मंगळवारी पटकन होतं, रविवारी किंवा एकादशीला तेच कित्येक पटींनी लांबतं. म्हणजे दिवसाच्या सुरुवातीलाच तुम्ही असं काम ठेवता ज्याचा शेवट तुमच्या हातात नाही.

मग काय होतं ते आमचे ड्रायव्हर रोज बघतात. आठला पोचलेली मंडळी दुपारी दोनला बाहेर येतात. सगळ्यांना भूक लागलेली, लहान मुलं पेंगुळलेली, आजींचे पाय भरून आलेले. जेवणात तास जातो, प्रसादाचे चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीमाळ घेण्यात आणखी तास. मंगळवेढा गाडीतूनच बघायचं आणि मचनूरच्या घाटावर अंधार पडल्यावर उतरायचं. मग सुरू होतं, “मामा, जरा दामटा की.” आमचे मामा दामटत नाहीत. आम्हीच त्यांना तसं सांगून ठेवलंय, त्याबद्दल कृपया त्यांना बोलू नये.

मुखदर्शन घेतलं तर वेळ वाचतो, हे अगदी खरं. पण घरातून निघताना मुखदर्शनावर राजी असलेली मंडळी मंदिरापाशी पोचली की निम्मे जण पदस्पर्शाच्या रांगेत शिरतात. तिथं नको म्हणणारे आम्ही कोण?

आमचा क्रम

सकाळी सातला सोलापूर सोडायचं. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं चाळीसेक किलोमीटरवर नदी लागते. अलीकडं बेगमपूर, पलीकडं मचनूर आणि ब्रह्मपुरी. हल्ली रस्ता इतका चांगला झालाय की पूल कधी आला आणि कधी गेला कळतच नाही. म्हणून ड्रायव्हरला पुलाच्या अलीकडंच “बेगमपुरात आत घ्या” म्हणून सांगून ठेवलेलं असतं.

१६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची छावणी इथं होती. ब्रह्मपुरीचं नावही त्यानं इस्लामपुरी केलं होतं. दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या मोहोळ-मंगळवेढ्याच्या मधल्या काळ्या मातीत तंबू ठोकून बसला होता आणि हिंदुस्थानचा कारभार इथून चालत होता, हे शाळेत कुणी एवढं ठासून सांगत नाही. १६९९ मध्ये इथून उठून तो मराठ्यांचे गड घ्यायला निघाला आणि पुढं साताऱ्याला वेढा घातला. बेगमपुरात त्याच्या मुलीची म्हणून सांगितली जाणारी कबर आहे. मचनूरला नदीच्या काठावर किल्ल्याची तटबंदी उभी आहे आणि तिच्या शेजारीच सिद्धेश्वराचं मंदिर, खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या. पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. बादशहाची माणसं देवळावर चालून आली तेव्हा भुंगे उठले आणि त्यांना पळवून लावलं, अशी गोष्ट गावात सांगतात. पुजारी मोकळे असले तर त्यांच्या तोंडून ऐका, आम्ही सांगितली तर त्यात मजा नाही.

मचनूरला निदान दोन तास द्या. लोक वीस मिनिटांत फोटो काढून परत गाडीत येतात आणि मग विचारतात, “आता पुढं काय?” पुढं काही नाही, हेच बघायचं आहे. पायरीवर बसा, घरून आणलेले धपाटे आणि शेंगाचटणी सोडा. सकाळच्या वेळी ऊन मंदिराच्या बाजूनं चांगलं येतं आणि गर्दीही नसते.

तिथून मंगळवेढा पंधरा किलोमीटरच्या आत. कल्याणीला जाण्याआधी कलचुरींची राजधानी इथं होती, पण आपल्याला मंगळवेढा माहीत आहे तो संतांमुळं. दुष्काळात बादशाही कोठार लोकांसाठी खुलं करणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. गावकुसाच्या बांधकामात १३३८ साली भिंत कोसळून चोखोबा गेले ते इथंच. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा कान्होपात्राही इथूनच विठ्ठलाच्या पायाशी गेली. तिनं देह ठेवला तिथं उगवलं म्हणून दाखवतात ते तरटीचं झाड विठ्ठल मंदिरातच आहे.

आता तुम्हीच बघा. या सगळ्या गोष्टी मंगळवेढ्यात सुरू होतात आणि पंढरपुरात संपतात. आधी पंढरपूर करून उलट आलात तर समाधी आधी बघणार आणि चोखोबा गेले ते गाव नंतर. आमचा क्रम फक्त डिझेल वाचवायला लावलेला नाही, एवढंच म्हणायचंय.

मंगळवेढ्याला दुपारचं जेवण. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा इथं बसून पनीर आणि नान मागवू नका. गरम भाकरी मिळेल अशी एक-दोन ठिकाणं आमच्या ड्रायव्हरना माहीत आहेत, ते तिथून कमिशन घेत नाहीत. थंडीत गेलात तर हुरड्याचं आधी सांगा, शेतावर सोय होते.

तीन-साडेतीनला निघालं की पाऊण तासात पंढरपूर. खोलीवर सामान टाका, चहा घ्या आणि संध्याकाळी वाळवंटात जा. नदी इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि ते वळण बघायचं तर होडीतून. पाणी असलं तर होड्या असतात, भाडं आधी ठरवून घ्या. पुंडलिकाचं मंदिर पात्रातच आहे. थोडं खाली गोपाळपुराच्या वाटेवर विष्णुपद. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम विष्णुपदावर असतो असं मानतात, त्या महिन्यात लोक डबे घेऊन तिथं जेवायला जातात. आमच्या मते या सहलीला सगळ्यात चांगला महिना तोच. हवा चांगली, रानात ज्वारी उभी आणि जेवायला सोबत भरपूर.

दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे. रांगेला कितीही वेळ लागला तरी पुढं काही अडलेलं नाही. मोहोळमार्गे संध्याकाळच्या आत घरी.

“मुक्काम सांगून तुम्ही दोन दिवसांचं भाडं काढता”

हे आम्हाला तोंडावर बोलून दाखवणारे आहेत, त्यांचा राग नाही. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचं भाडं धरायची पद्धत सगळीकडं आहे. ही सगळी फेरी मिळून दीडशे-एकशे साठ किलोमीटर. म्हणजे नेहमीच्या दरानं तुम्ही न फिरलेल्या किलोमीटरचे पैसे भरणार, तेही दोन दिवस. हे आम्हालाच पटत नव्हतं. म्हणून नदीकाठच्या फेरीसाठी आम्ही वेगळा ठोक दर ठेवला आहे, त्यात किमान किलोमीटरची अट नाही. ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम त्यातच आला. टोल आणि पार्किंग तुमच्याकडं.

तरीही जास्त वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. पहिल्या दिवशी आम्ही तुम्हाला पंढरपूरला खोलीवर सोडतो आणि गाडी परत आणतो. दुसऱ्या दिवशी दर्शन करून एसटीनं या, सोलापूरला गाड्या भरपूर आहेत. वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ बरोबर असेल तर मात्र हा मार्ग धरू नका.

ड्रायव्हरला रात्री नीट झोप मिळाली पाहिजे, ही आमची अट आहे. “गाडीतच झोपतील की ते” हे वाक्य आमच्याकडं चालत नाही.

कुडल संगम वेगळा करा

हत्तरसंग कुडल दक्षिण सोलापुरात, विजापूर रस्त्यानं मंद्रूपवरून चाळीसेक किलोमीटर. वरच्या फेरीत ते घुसवू नका, दिशा वेगळी आहे. अर्धा दिवस पुरतो आणि रविवारच्या सकाळी उत्तम होतो.

सीना इथं भीमेला मिळते, पलीकडं कर्नाटक. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडात आणला तो आपल्या सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी. जवळच मातीखालून मोकळं केलेलं हरिहरेश्वराचं मंदिर आहे, तिथला गोल स्वर्गमंडप आणि साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग बघितल्याशिवाय परत फिरू नका. मुखं मोजायला मुलांना लावा, अर्धा तास शांतता मिळते. सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो आणि अनवाणी चालवत नाही. खायला तिथं फारसं काही मिळत नाही, डबा बरोबर ठेवा.

पाणी आणि तारीख

भीमेला पाणी कधी असेल हे पावसापेक्षा वरच्या उजनी धरणावर जास्त ठरतं. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, मग सोलापूरला प्यायला म्हणून औज बंधाऱ्यासाठी उजनीतून पाणी सोडतात आणि चार दिवसांत नदी भरून वाहते. त्यामुळं मार्चनंतर बुकिंग करताना आम्हाला विचारा, ड्रायव्हर रोज पुलावरून जातात. पावसाळ्यात उजनी आणि वीर धरणांतून मोठा विसर्ग सुरू झाला की पंढरपुरात वाळवंट पाण्याखाली जातं आणि मचनूरच्या पायऱ्या बुडतात. अशा दिवशी आम्ही स्वतःहून सहल पुढं ढकलतो आणि ॲडव्हान्स कापत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा फक्त कुडलची सकाळची फेरी घेतो.

पाण्यात उतरायचं असेल तर काठाशीच. वाळूउपशानं पात्रात खड्डे झालेत, वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला थांग लागत नाही. मुलांचा हात सोडू नका.

तारीख ठरवताना पंचांग बघा. आषाढी, कार्तिकी, चैत्री, माघी या चार वाऱ्यांच्या आठवड्यात ही फेरी आम्ही घेत नाही. गाड्या गावाबाहेरच अडवतात आणि खोली मिळत नाही. वारीलाच जायचं असेल तर जरूर या, ती गाडी वेगळी ठरवू. बाकीच्या शुद्ध एकादशीही टाळलेल्या बऱ्या.

लांबचं काही हवं असेल तर

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायचे तर डिसेंबर ते मार्च, पहाटे तीनला निघायची तयारी हवी. गाणगापूरला भीमा-अमरजा संगम आहे, अक्कलकोटसह एका दिवसात होतं. पण ते कर्नाटकात, त्यामुळं गाडी कुठली द्यायची आणि परमिटचं काय हे आम्हाला आधी बघावं लागतं. अक्कलकोटला पोचल्यावर “आता पुढं गाणगापूरला घ्या” असं ड्रायव्हरला सांगू नका, तो घेणार नाही. नदीच्या आणखी खाली सन्नती आहे. तिथं अशोकाचे शिलालेख सापडले आणि शेजारच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात नाव कोरलेलं अशोकाचं शिल्प मिळालं. हौशी मंडळींसाठी ती दोन दिवसांची वेगळी सहल लावून देतो, पण घरातल्या सगळ्यांना आवड आहे ना, हे आधी विचारून या.

बुकिंगला येताना

माणसं किती, त्यात साठीच्या पुढचे किती आणि जिने न चढणारे किती, एवढं सांगा. सहा जणांना पाच सीटरमध्ये “सरकून बसतो” म्हणू नका, परतताना तेच कुरकुरतात. पंढरपूरची खोली तुम्ही बघणार की आम्ही, ते त्याच दिवशी ठरवू. आम्ही बघितली तर गाडी दारापर्यंत जाईल अशीच बघतो. दर काउंटरवरच्या फळ्यावर लिहिलेले आहेत, फोनवर विचारलेत तरी तेच सांगू. शनिवार-रविवारची गाडी हवी असेल तर बुधवारपर्यंत या, त्यानंतर सात सीटर शिल्लक राहत नाही.